कंडक्टरबाई डबल देत नाहीत

साहेब, एका म्हाताऱ्या बाईचं रोजचं संध्याकाळचं भांडण तुम्ही बंद पाडलंत. आरोप सरळ आहे, उगाच आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. तुमचं खातं रस्त्यांचं. रस्ता खराब झाला की आधी जुना खरवडायचा आणि मग नवा थर टाकायचा, एवढी अक्कल भिंत रंगवणाऱ्यालासुद्धा असते. तुमच्या माणसांनी मात्र जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा असे थर चढवले. रस्ता वर वर गेला आणि घरं बिचारी होती तिथेच राहिली.

गल्लीतल्या शेवटून दुसऱ्या घराचं फाटक एके काळी रस्त्यापेक्षा पायरीभर उंच होतं. आता रस्त्याने जाणाऱ्याला त्या घराच्या पोर्चमधल्या चपला वरून मोजता येतात. फाटकापासून दारापर्यंतची गाडीची वाट म्हणजे निव्वळ घसरगुंडी. पाऊस पडला की अख्ख्या गल्लीचं पाणी ख्यालीखुशाली विचारायला आत येतं. तेही चालवून घेतलं असतं. पण त्या घरात कंडक्टरबाई राहत होत्या.

कंडक्टरबाई म्हणजे घरातल्या सासूबाई. सगळी नोकरी बसमध्ये उभ्याने काढली आणि शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून आता चाकाच्या खुर्चीत. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी दिलेली पितळी घंटा त्यांनी खुर्चीच्या हाताला बांधून घेतली होती. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल; बसवाल्यांच्या भाषेत 'डबल'. आवाज असा की गल्लीच्या टोकाला झोपलेलं कुत्रं कान टवकारायचं. सुनेला हे आधी जड गेलं, मग अंगवळणी पडलं. आता तर दवाखान्यात फोन घ्यायच्या कामावर असताना बाहेर कुणाच्या सायकलची घंटा दोनदा वाजली तरी ती उठून उभी राहायची.

रोज संध्याकाळी सून घरी आली, हातपाय धुतले, की आतून डबल व्हायची. खुर्ची फाटकात. तेवढ्यात समोरच्या फाटकात घड्याळवाले हजर. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले होते, एका डोळ्याला भिंग लावून. त्यामुळे जवळचं स्क्रूएवढं असलं तरी दिसायचं आणि लांबचं हत्तीएवढं असलं तरी धूसर.

"आलात? आजही उशीर!" ते मनगट वर करून ओरडायचे.

"तुमचंच घड्याळ पुढे आहे. दुकान का बसलं ते आता कळलं."

"दुकान तुमच्या बसने बसवलं. गिऱ्हाईक वेळेवर पोचेल तर शपथ!"

"मागच्या दाराने चोरून चढणाऱ्यांनी बोलू नये."

"एकदा! एकदाच, आणि पास घरी राहिला होता!"

"म्हणून तर एकदाच उतरवलं."

मध्ये रस्ता, रस्त्यावरून स्कूटर, भाजीच्या पिशव्या, शिकवणीला निघालेली पोरं. सगळे खाली मान घालून या गोळीबारातून निघून जायचे. शेवटी बाई एक टोला द्यायच्या, भांडण थांबायचं, खुर्ची घरात यायची आणि बाईंना कडकडून भूक लागायची. ज्या दिवशी भांडण जोरात, त्या दिवशी ताट चाटूनपुसून साफ. सुनेला हे गणित पक्कं माहीत होतं. डॉक्टरांच्या टॉनिकने जे झालं नाही, ते घड्याळवाल्यांच्या टोमण्यांनी होत होतं.

आणि मग तुमचा आणखी एक थर पडला, साहेब. त्यानंतर एके संध्याकाळी सून खुर्ची वर ढकलत होती आणि अर्ध्या चढावर तिच्या हातांनी राम म्हटला. खुर्ची उलटी निघाली. बाई टण, टण, टण एकेक टोला देत होत्या, पण उताराला कुठला नियम? खुर्ची पोर्चच्या खांबाला जाऊन थडकली तेव्हाच थांबली.

"लागलं का आई?" सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मला नाही. खांबाला विचार." मग जरा वेळाने, हळूच, "उद्या जाऊ ना गं?"

त्या 'ना गं'ने सुनेने ठरवलं. वाट फोडायची, भर घालायची, दारापासून फाटकापर्यंत सपाट करून घ्यायची. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा आणि आयुष्यात त्याने कधी दुसरा गिअर ओलांडला नव्हता. त्याने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, "करू या." तोपर्यंत तिने ठेकेदार आणूनही ठेवला होता.

ठेकेदाराचं नाव घरात 'समजा' पडलं. कारण त्याला काहीही विचारलं की एकच उत्तर.

"फोडायला कधी लागणार?"

"फोडलंच समजा."

"भर कधी येणार?"

"आलीच समजा."

फोडलं मात्र त्याने खरोखर. सकाळभर घर असं हललं की कपाटातल्या कपबशा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग खडी टाकली आणि समजा गायब झाला. परत आला तो नवी कल्पना घेऊन. "रोलर कशाला आणायचा? तुमची व्हॅन आहे ना? रोज आत लावा, सकाळी बाहेर काढा. भर आपोआप दबली समजा." नवऱ्याला ते पटलं. तो सुट्टीच्या दिवशीसुद्धा उगाच व्हॅन आतबाहेर करू लागला.

व्हॅन खडीवरून जायची, खुर्ची मात्र जाईना. पुढची चिमुकली चाकं खडीत रुतायची. बाई घरात अडकल्या. पहिल्या दिवशी त्यांनी समजाला शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी मुलाला, तिसऱ्या दिवशी कोणालाच नाही. ताटात अर्धं अन्न राहू लागलं.

"आई, घड्याळवाले उभे आहेत बघा समोर," सून खिडकीतून सांगायची.

"मला काय त्याचं? बरं झालं, डोक्याची कटकट गेली." आणि मग भिंतीकडे बघत, "छत्री आहे का हातात? आभाळ आलंय. विसरतो तो मेला."

शेवटी काँक्रीट ओतायचा दिवस उजाडला. दुपार टळल्यावर मोठा थोरला ट्रक, पाठीवर गरगर फिरणारा ढोल घेऊन, उलटा येऊन फाटकाला लागला. त्यांच्या कामाचीही एक पद्धत होती. ढोलाच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारणार. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये, हात दांड्यावर, कान मागे.

"थांबा हं," सून म्हणाली. "आमची व्हॅन आत शेडमध्ये आहे. ती निघाली की मग."

"निघालीच समजा," समजा म्हणाला आणि फोनवर दुसऱ्या कुणाला तरी तिकडे पोचलोच समजा म्हणून सांगू लागला.

नवरा किल्ली आणायला आत गेला. किल्ली खिळ्यावर नव्हती. ती त्याच्याच खिशात होती, पण हे त्याला कळायला वेळ लागणार होता. इकडे बाई आतल्या खोलीत खिडकीशी. बाहेर एवढा गलका, आणि काय चाललंय ते कोणी सांगेना. त्यांनी दोनदा हाक मारली, आधी लेकाला, मग सुनेला. शेवटी जन्माची सवय कामी आली. हात घंटेकडे गेला.

टण टण.

ट्रक ड्रायव्हरने ऐकलं. दोन म्हणजे दोन. त्याने दांडा ओढला.

क्लीनर चाकाखाली वीट लावायला वाकला होता. तो ताठ उभा राहीपर्यंत पन्हळीतून काँक्रीट धो धो खाली आलं. कामगारही तयारीचे. काँक्रीट आलं तसे फावडी घेऊन भिडले. सून ओरडली, नवरा किल्ली नाचवत धावत बाहेर आला आणि दारातच थिजला.

"थांबवा! थांबवा ना!"

"आता कसं थांबवणार?" समजाने पहिल्यांदा फोन कानावरून काढला. "मध्ये थांबलं तर सांधा राहतो. सांधा राहिला की तिथूनच फुटलं समजा."

नवऱ्याने काँक्रीटकडे पाहिलं, पलीकडच्या शेडमधल्या व्हॅनकडे पाहिलं. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "गाडी आतच राहिली का?"

"सगळे आत राहिलेत!" सून कडाडली. "डबल कोणी दिली?"

आतून आवाज आला, "मी दिली. गाडी सुटली ना? डबल दिली की गाडी सुटते, हाच नियम आहे. दोष द्यायचा तर ड्रायव्हरला देऊ नका हं, त्याने काम चोख केलं."

केबिनमधल्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून बाईंच्या खिडकीला सलाम ठोकला. एवढ्या वर्षांत त्याची बाजू घेणारं पहिलंच माणूस त्याला भेटलं होतं.

मग समजाने हुकूम सोडला. रोज पाणी मारायचं आणि आठवडाभर त्यावर मांजरानेसुद्धा पाय ठेवायचा नाही. फाटकाला दोरी बांधली. घरातल्यांनी मागच्या दाराने, दोन भिंतींमधल्या बोळातून अंग चोरून ये-जा करायची. बोळ इतका अरुंद की नवऱ्याला पोट आत घेऊन जावं लागे. खुर्चीचा प्रश्नच नव्हता.

"म्हणजे अजून एक आठवडा?" बाईंनी विचारलं.

बाईंनी घंटेची दोरी सोडवली आणि घंटा मांडीवर ठेवली, खेळायला जायची बंदी झालेली पोर खेळणं धरून बसते तशी. इतकी वर्षं त्या टणटणीने डोकं उठायचं. आता तीच वाजावी म्हणून सून आशेने बघत बसली.

संध्याकाळी तिने खुर्ची निदान पोर्चपर्यंत आणली. समोर ओल्या काँक्रीटचा गुळगुळीत पट्टा, त्यापलीकडे दोरी, त्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे घड्याळवाले. त्यांनी दुपारी घंटा ऐकली होती. इतक्या दिवसांनी ऐकली होती. आणि तरी फाटक रिकामं. पोर्चमधलं त्यांना दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी शर्ट नीट खोचला, काठी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा बाईंच्या घराकडे रस्ता ओलांडला.

"अगं, हा इकडे येतोय," बाई कुजबुजल्या.

घड्याळवाल्यांनी दोरी दोन बोटांनी अदबीने उचलली आणि खालून आत आले.

"अहो, थांबा!" सून किंचाळली.

"थांबणार ना, बसायलाच आलोय," ते खुशीत म्हणाले आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. आणि आणखी दोन. पाय घोट्यापर्यंत आत गेले, पण म्हाताऱ्याला वाटलं चिखल असेल. ते आता तोल जाऊन तोंडावर आपटणार, तोच...

टण!

घड्याळवाले जागच्या जागी उभे. इतक्या वर्षांचा प्रवासी. एक टोला म्हणजे काय, ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

"हललात तर बघा," बाई म्हणाल्या. घंटा त्यांनी तशीच उगारून धरली होती.

"मी कुठे हलतोय? तुमच्या रस्त्यानेच धरून ठेवलंय."

"आंधळ्यासारखे आलात कशाला?"

"बघायला आलो." त्यांनी काठीवर भार दिला, काठीही आत गेली. "बस उशिरा यायची, पण यायची. हे इतके दिवस आलीच नाही. म्हटलं, फेरी कायमची रद्द झाली की काय."

नळाचं पाणी तेवढं बादलीत पडत होतं.

"फेरी रद्द नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "रस्ता बंद आहे. फलक वाचायला नको का माणसाने?"

"फलक नव्हता."

"दोरी होती."

"दोरीवर लिहिलं नव्हतं काही!"

हे ऐकलं आणि सुनेच्या जिवात जीव आला. भांडण सुरू झालं होतं.

नवऱ्याने शिडी आडवी टाकली आणि, आयुष्यात पहिल्यांदा घाईने, म्हाताऱ्याला उचलून आणलं. चपला आणि काठी तिथेच राहिल्या. मग काठी निघाली, चपला खरडून काढाव्या लागल्या. सुनेने टबात कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय धुतले. बाई समोर बसून देखरेख करत होत्या. "बोटांच्या बेचक्यात राहिलंय बघ. उद्या त्याचा पुतळा होईल, आणि पुतळा करण्यासारखं काही नाहीये त्याच्यात." त्या दिवशी बाई पोटभर जेवल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सकाळी समजा आला आणि कपाळाला हात लावला. "हे काय केलंत! थांबा, बुजवतो. बुजलंच समजा."

"हात लावायचा नाही," बाई पोर्चमधून कडाडल्या. "तिथे स्टॉप आहे."

आठवडाभर व्हॅन आत आणि मुलं बाहेर. नवऱ्याने लांब दोरी आणली, मुलांना तिला धरून शाळेपर्यंत रांगेत चालवलं आणि स्वतः पुढे तोंडाने हॉर्न वाजवत निघाला. मुलांना ते इतकं आवडलं की व्हॅन सुटली तेव्हा त्यांनी तोंडं पाडली.

वाट सुकली. टेबलासारखी सपाट. खुर्ची एका हाताने जाईल अशी. पण गंमत अशी की ज्या फाटकासाठी एवढा खटाटोप केला, तिथपर्यंत खुर्ची जाईचना. घड्याळवाले रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून आत यायचे, घडीची खुर्ची उघडायचे, आपल्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "आजही उशीर." सून दोन कप चहा तिथेच नेऊन द्यायची. वाट अर्धीच वापरात होती आणि कोणाची तक्रार नव्हती.

आणि साहेब, पुढच्याच आठवड्यात तुमची माणसं आली. डांबराचा धूर, खडीचा डंपर, मागे रोलर. जुना थर खरवडला नाही. कुणाला विचारलं नाही. सून दारात उभी राहून बघत होती. नव्या सपाट वाटेवरून पहिलं पाणी कसं आत येईल ते तिला आत्ताच दिसत होतं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून आवाज आला. टण टण.

"चल," बाई म्हणाल्या.

नव्या वाटेवरून खुर्ची पहिल्यांदाच पूर्ण गेली, लोण्यावरून सुरी जावी तशी. पावलांच्या खड्ड्यांपाशी जरा वळली, फाटकातून बाहेर पडली आणि थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बाईंनी घंटा उचलली.

टण.

रोलर थांबला. चालवणारा खाली वाकून बघू लागला. समोरून घड्याळवाले आले आणि मनगट वर करून खुर्चीशेजारी उभे राहिले.

"आजी, बाजूला व्हा. काम आहे."

"काम मलाही आहे. तुझ्यावर राग नाही रे बाबा, तू ड्रायव्हर आहेस. साहेबांना बोलाव."

"साहेब असे येत नसतात, आजी."

"मग आम्ही थांबतो. याला वेळ बघायचं काम येतं, मला गाडी थांबवायचं. जन्मभर तेच केलंय दोघांनी."

ते दोघं अजून तिथेच आहेत. सुनेने चहा तिकडेच नेऊन दिलाय, रोलरवाल्यालाही. डांबर गार होत चाललंय, साहेब. प्रश्न साधा आहे आणि तो बाईंनी अख्ख्या गल्लीसमोर, बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात विचारलाय: प्रत्येक थरागणिक हा रस्ता वर वर नेताय, तो नेमका कुणाला, कुठे पोचवायला? उत्तर घेऊन स्वतः या. तोवर डबल मिळणार नाही.