रानमेवा ऑर्केस्ट्राचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, गाण्याची इतकी कदर होती की गाणाऱ्याला पैसे द्यायची कुणाची छातीच होत नसे.

तिथे रानमेवा ऑर्केस्ट्रा होता. तुरेराव रानकोंबडा गायचा, साळूबाई साळिंदरीण पेटी वाजवायची आणि ढोलकीवर ससा. प्रत्येक कार्यक्रमानंतर महोत्सव समितीचे अध्यक्ष अस्वलराव तिघांना शाल-नारळ द्यायचे. नारळाची चटणी व्हायची. शाली मात्र साठत गेल्या. साळूबाईच्या बिळात पाय ठेवायला जागा उरली नाही.

एके दिवशी पेटीचा भाता फाटला. सुतारपक्षी म्हणाला, "दोनशे रुपये. आणि शाल दाखवू नका. मागच्या दुरुस्तीच्या चार पडल्यात घरात."

तुरेराव हबकला. ऑर्केस्ट्रा बुडाला तर त्याला जुन्या नोकरीवर जावं लागणार होतं. रोज पहाटे जंगलाला उठवायचं. गळा आपला, आणि दाद म्हणून शिव्या! त्याला रडूच आलं.

तो तडक अस्वलरावांकडे गेला. "अध्यक्षसाहेब, उद्याच्या कार्यक्रमाचे थोडे पैसे..."

"पैसे?" अस्वलरावांनी कानांवर पंजे ठेवले. "अहो, तुम्ही कलावंत! तुमचा अपमान माझ्या हातून होणार नाही. त्यापेक्षा हे सांगा, शाली कुठे मिळतील? दुकानातल्या संपल्यात हो! उद्या तुमचा सत्कार, आणि माझी अब्रू जायची वेळ आलीय."

तुरेरावाचा तुरा ताठ झाला. "माझ्याकडे आहेत. शंभरला एक. रोख."

अस्वलरावांनी घासाघीससुद्धा केली नाही. तीनशे मोजले आणि वर म्हणाले, "शालवाल्याचे पैसे थांबवून कसं चालेल? त्यालाही पोट आहे!"

संध्याकाळी भाता शिवून झाला. दुसऱ्या दिवशी त्याच तीन शाली तिघांच्या खांद्यांवर आल्या. तिसऱ्या दिवशी त्या हरणांच्या मंडळाला विकल्या, चौथ्या दिवशी सन्मानाने परत मिळाल्या. ससा हसून हसून ढोलकीवरून पडला. साळूबाईने दर वाढवला.

आता तुरेरावाला सगळ्या मंडळांकडून शालींचे आगाऊ पैसे येतात. कालचीच गोष्ट. भरगच्च मंडपात तो पहिली तान घेणार, इतक्यात अस्वलरावांनी हात वर केला.

"शालवाले, गाणं राहू द्या. सत्काराला उशीर होतोय."

तुरेरावाने तान गिळली आणि खांदे पुढे केले.

तात्पर्य : बाळांनो, रियाज कधी चुकवू नका. चांगलं गायल्याशिवाय शालींचा धंदा उभा राहत नाही.