अंतर शून्य मीटर

तपासनीस येणार होता त्या दिवशी ती सकाळपासून तिसऱ्यांदा फरशी पुसत होती. नवऱ्याचा बिअरचा कारखाना म्हणजे एक जुनं गोदाम, त्यात पाच चकचकीत टाक्या आणि कपाटात तेरा परवाने. पाण्याचा, सांडपाण्याचा, आगीचा, बॉयलरचा, वजनकाट्याचा. धान्य दळायला एक कागद, तेच भिजवायला दुसरा. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून दोन वर्षं तो हे कागद जमवत होता. आता जागेच्या पाहणीचा चौदावा तेवढा राहिला होता. तो हातात पडला की टाक्या भरायच्या.

तिच्या जिवाला घोर मात्र वेगळाच होता. तीन वर्षांची लेक दिवसभर गोदामातच असायची. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं, आणि इथे गरम नळ, कठडा नसलेला जिना, निसरडी फरशी. म्हणून आईने पुढच्या खोलीला लाकडी फाटक बसवलं, चटई घातली, सोबतीला शेजारची चार मुलं बोलावली. भिंगरीला मोठ्या मुलींसारखं शाळेत जायचं होतं. तेव्हा दारावर खडूने ठळक लिहिलं, ‘शाळा’. त्या दोन अक्षरांनी जादू केली. पोरगी जागची हलेना.

नवरा झेरॉक्स काढायला गेला आणि नेमका तेव्हाच तपासनीस आला.

“ही मुलं इथे कशी?”

बॉयलरजवळ मुलं मोकाट फिरतात असं याने लिहिलं म्हणजे झालं! “मोकळी नाही हो सोडत त्यांना,” ती घाईघाईने म्हणाली. “रोज दहा ते एक इथेच बसतात.”

“रोज?”

“रविवार सोडून. हजेरीसुद्धा घेते मी.”

“शिकवता काय?”

“अक्षरं, गाणी, वीसपर्यंत आकडे. अगदी शिस्तीत चालतं, साहेब.”

‘हजेरी’ शब्द ऐकताच भिंगरी ताडकन उभी राहिली आणि “हजर!” म्हणून ओरडली. तपासनिसाने तिच्याकडे पाहून कौतुकाने मान डोलावली. मग खिशातून टेप काढला, दार आणि पहिली टाकी यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि टेप न उलगडताच परत ठेवला.

“नियमाने शाळेपासून शंभर मीटर लागतात, बाई,” तो लिहिता लिहिता म्हणाला. “इथे अंतर शून्य.”

नवऱ्याने परत आल्यावर अहवाल उभ्याउभ्याच वाचला. “अगं, खेळ आहे म्हणायचं ना!”

“मला वाटलं, मुलांच्या काळजीने विचारतोय.”

तो पालथ्या बादलीवर बसला. “दोन वर्षं साऱ्या कचेऱ्यांना पुरून उरलो. आणि शेवटी घरातच माझी शाळा झाली!” एरवी अशा वाक्याला दोघं पोट धरून हसली असती. त्या दिवशी कुणालाच हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. आतल्या बाईंनी अहवाल पाहिला. “शाळा बंद केल्याचा दाखला आणा.”

“पण बाई, शाळा नव्हतीच,” नवरा म्हणाला.

“अहवालात आहे म्हणजे आहे.”

“मग करून टाका बंद.”

“नोंदच नाही तर बंद कशी करू? आधी नोंदवा, मग बंद करा.”

नोंदणीला पिण्याचं पाणी, सांडपाणी, आगीपासून सुरक्षितता असे सगळे दाखले लागत होते. बिअरसाठी जमवलेले कागद एकेक करून चपखल बसले. “इतकी पक्की फाइल माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नाही,” बाई म्हणाल्या आणि आठव्या दिवशी मंजुरी आली. खाली बारीक अक्षरांत अट होती: चालू वर्षात शाळा बंद करता येणार नाही.

अटीप्रमाणे बाहेर पक्की पाटी लागली. पाटी पाहून पालक आले. पाचाची तेवीस मुलं झाली, तेव्हा नवऱ्यालाही हातभार लावावा लागला. बिअरसाठी आणलेली बार्ली ओल्या फडक्यात ठेवून तो मुलांना मोड दाखवायचा, त्यांच्याकडून ते मोजून घ्यायचा. दरम्यान कपाटातल्या एकेका परवान्याची मुदत संपत होती. शाळेला लागणारे कागद त्याने नवे करून घेतले, बाकीचे तसेच राहू दिले. तिला दिसत होतं, पण विचारायची हिंमत होईना. विचारलं असतं तर तेही सांगावं लागलं असतं, की ‘शून्य मीटर’ ऐकलं तेव्हा भीतीच्या तळाशी तिला क्षणभर हायसंही वाटलं होतं. टाक्या आता कोरड्याच राहणार होत्या, लेकीला धोका नव्हता. त्या एका क्षणाची बोच वर्षभर गेली नाही.

म्हणून वर्ष सरल्यावर, त्याला न सांगता, ती शाळा बंद करण्याचा अर्ज घेऊन त्याच खिडकीशी गेली.

“उशीर केलात,” बाई म्हणाल्या. “शाळा चालू ठेवा असा पालकांचा अर्ज आलाय कालच.”

“कुणाचा?”

बाईंनी कागद तिच्याकडे फिरवला. तेवीस पालक होते. पहिली सही नवऱ्याची होती. ‘पाल्याचे नाव’ या रकान्यात त्याने भिंगरीचं नाव लिहिलं होतं. ‘व्यवसाय’च्या रकान्यात आधी ‘बिअर उत्पादक’ लिहिलं होतं आणि मग त्यावर पट्टीने सरळ रेघ मारली होती. वर बारीक अक्षरांत होतं, ‘शाळेत मदतनीस’.

तिने आपला अर्ज हळूच पर्समध्ये सारला. “आणखी काही लागेल का, बाई?”

“हो, बरं झालं विचारलंत,” बाई म्हणाल्या आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. “यांना पाठवून द्या. जिथे खोडलंय ना, तिथे सही लागते.”