फळ्यावरची चौथी पायरी

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता सावद्याच्या लीलाधर गुरुजींच्या ओसरीत बारा पोरं मांडी घालून बसली होती आणि त्यांच्यासमोर स्टुलावर एक पांढरा प्रिंटर बसला होता. पोरांच्या हातात पेन होतं, प्रिंटरच्या कपाळावर हळदीकुंकू होतं, आणि दोन्ही बाजू काहीतरी सुरू व्हायची वाट बघत होत्या.

पुढच्या रविवारी पोरांची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. निवृत्त झाल्यापासून गेली सहा वर्षं गुरुजी गल्लीतल्या पोरांना घरी शिकवत. सराव परीक्षेचे प्रश्न ते फळ्यावर लिहून देत. ते उतरवून घेण्यातच अर्धा तास जाई, आणि छोटा हितेंद्र दरवेळी सातवा प्रश्न गाळून टाकी. "यंदा तुम्हाला खऱ्या परीक्षेसारखा छापील पेपर मिळेल," असं गुरुजींनी दिवाळीतच कबूल केलं होतं. म्हणून धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या मुलानं, जितेंद्रनं, हा बिनवायरचा प्रिंटर पाठवला होता. पेपर गुरुजींच्या मोबाइलमध्ये तयार होता. मात्र अकरा वाजता दुरुस्तीसाठी वीज जाणार होती आणि झेरॉक्सवाला लग्नाला मुक्ताईनगरला गेला होता. छापायचं ते अकराच्या आत, आणि घरीच.

दुसरा कुणी असता तर गपचूप बटणं दाबून मोकळा झाला असता. पण गुरुजींना नवीन काही करायचं म्हणजे ते आधी शिकवावं लागे. त्यांनी फळ्यावर 'प्रिंटर इंटरनेटला जोडणे' असं लिहून खाली रेघ मारली. मग पायऱ्या लिहिल्या. एक, बटण दाबणे. दोन, सेटिंग उघडणे. तीन, आपल्या घरचे वायफाय निवडणे. 'चार' लिहून ते थांबले. प्रिंटर पासवर्ड मागत होता.

"हा राउटरच्या पोटावर लिहिलेला असतो," गुरुजी म्हणाले. चष्मा चढवून त्यांनी राउटर उलटा केला आणि बारीक अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. पोरांनी वहीत लिहिली. प्रिंटरनं ती नाकारली.

"घाई झाली असेल. पुन्हा," गुरुजी म्हणाले.

प्रिंटरनं पुन्हा नाकारली. तिसऱ्यांदाही.

"म्हणजे नंतर कुणीतरी बदललाय. अहो, ऐकलं का? आपल्या नेटचा पासवर्ड कुणी बदलला?"

गुरुजींच्या पत्नी सुगंधाबाई स्वयंपाकघरात केळीचे वेफर्स ताटात काढत होत्या. शिकवणी संपली की त्या प्रत्येक पोराच्या हातावर वेफर्स ठेवत. मोजून पाच. ना चार, ना सहा. त्यांचा हात ताटातच थांबला.

"मले काय माहीत बाप्पा," त्या आतूनच म्हणाल्या. "नीलेश आला होता तं त्यानंच काय ते केलं."

हे अर्धंच खरं होतं. मागच्या वर्षी घरात नेट आलं त्या दिवशी गुरुजी मुक्ताईच्या दर्शनाला गेले होते. नेट जोडणारा नीलेश हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. त्यानं विचारलं, "अक्का, पासवर्ड काय ठेवू? कुणी विसरणार नाही असा सांगा." सुगंधाबाईंनी विचार केला, तोंडाला पदर लावला आणि सांगितला. 'भरीत गुरुजी.' त्यावर दोघं इतकी हसली की नीलेशला शिडीवरून उतरावं लागलं.

चौतीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी छडीला हात लावला नव्हता. फारच राग आला तर ते म्हणत, "खाली बस, नाहीतर वांग्यासारखं भाजून भरीत करीन." भरीत कुणाचंच झालं नाही, पण नाव पडलं ते पडलंच. एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात ते सगळ्या सावद्याला पाठ झालं. फक्त गुरुजींना ते माहीत नाही, असं सावदा समजून होतं.

गुरुजींनी जितेंद्रला फोन लावला आणि पोरांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आबा, पासवर्ड का? तुमचा आवाज तुटतोय."

"तुटत नाही. मला तुझ्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येतेय."

"आबा, आईला विचारा ना."

"आई म्हणते नीलेशला विचारा."

"हां, मग नीलेशच," असं म्हणून जितेंद्रनं सुटकेचा श्वास टाकला, तोही ओसरीभर ऐकू आला.

दहा मिनिटांत नीलेश मोटारसायकलवरून हजर झाला. त्यानं आधी फळा पाहिला, मग पोरं पाहिली, मग दाराआडच्या सुगंधाबाई पाहिल्या.

"सरका गुरुजी, मी टाकून देतो. मिनिटाचं काम."

"तू टाकशील. उद्या त्यानं परत मागितला तर या पोरांनी काय करायचं? मोठ्यानं सांग. ती लिहून घेतायत."

बारा पेनं वर झाली. लिहिण्याची गरज त्यांतल्या एकालाही नव्हती.

"गुरुजी, पासवर्ड असा सगळ्यांसमोर सांगत नसतात," नीलेशनं मुद्दा काढला.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "कानात सांग."

नीलेश वाकला. त्यानं तोंड उघडलं. पण तो कान त्यानं चौथीत पाहिलेलाच होता, त्याच्यावर तीच खडूची भुकटी होती. त्यानं तोंड मिटलं.

"आठवत नाही, गुरुजी."

"सतराचा पाढा विसरलास तेव्हाही असाच डाव्या पायावर उभा होतास."

"तेव्हा खरंच आठवत नव्हता."

"आणि आता?"

नीलेश उजव्या पायावर उभा राहिला.

तेवढ्यात शेजारचा केळीवाला रुपचंद मोबाइल उंच धरून दारात आला. "गुरुजी, आज नेट काऊन अडकू राह्यलं? व्यापाऱ्याले केळीचा घड दाखवू राह्यलो तं चित्र हलतच नाही."

गुरुजी दाराकडे वळले.

"रुपचंद, तुझ्या फोनमध्ये आमचं नेट चालतं?"

"थोडंसंच चालते."

"म्हणजे पासवर्ड तुला माहीत आहे."

रुपचंदनं सुगंधाबाईंकडे पाहिलं, सुगंधाबाईंनी नीलेशकडे, नीलेशनं पंख्याकडे. "मले बैल बांधाचे हायेत," असं म्हणून रुपचंद निघून गेला. त्याचे बैल विकून तीन वर्षं झाली होती.

दहा चाळीस झाले. गुरुजी पोरांकडे वळले. "ज्याला उत्तर येतं त्यानं हात वर करा."

कुणीच केला नाही. मयुरी न सुटलेली वेणी पुन्हा बांधायला लागली. एरवी उत्तर येत नसतानाही दोन्ही हात वर करणारा हितेंद्र आज दोन्ही हातांवर बसला होता. गुरुजींनी एकेक चेहरा सावकाश पाहिला, वही तपासावी तसा. मग त्यांनी खडू ठेवला, चष्मा पुसला आणि स्टुलासमोर बसून प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर एकेक अक्षर निवडायला सुरुवात केली. पुढच्या रांगेत बसलेली मयुरी वाचत होती. तिसऱ्या अक्षराला तिनं शेजारणीचा हात धरला. पाचव्याला डोळे मिटले.

लुकलुकणारा निळा दिवा स्थिर झाला. प्रिंटरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि पहिलं पान बाहेर आलं.

नीलेश पुढे सरकला. "गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?"

"नाव ना? तुझ्या मोठ्या भावाच्या वर्गापासून. शाळेमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं असायचं. एकदा 'री' ऱ्हस्व होती. ती सुधारून ठेवली मी."

"आणि पासवर्ड?"

"तो आत्ता कळला. सगळ्या सावद्याला माहीत आहे आणि माझ्यासमोर कुणालाच सांगता येत नाही, अशी एकच गोष्ट आहे."

सुगंधाबाई पदराआड हसत ताट घेऊन बाहेर आल्या. "मंग तोंडानं इचारून टाकाचं. एवढा येळ काऊन बसवलं पोरायले?"

"बघत होतो, एखादं धीट निघतं का," गुरुजी म्हणाले. त्यांनी फळ्यावरच्या चौथ्या पायरीपुढे वळणदार अक्षरात 'भरीत गुरुजी' असं लिहिलं. पोरांनी माना खाली घालून ते उतरवून घेतलं. हितेंद्रनंसुद्धा काही गाळलं नाही.

सुगंधाबाईंचं हसू मात्र थांबत नव्हतं. हसता हसताच त्यांच्या मनात काहीतरी आलं.

"काय वं मयुरी, मंग माहं बी नाव ठेवलं असन तुम्ही पोरायनं?"

नीलेशनं पुन्हा पंख्याकडे पाहिलं. गुरुजींना एकाएकी प्रिंटरच्या कागदाच्या खणात फार रस वाटू लागला.

"पा..." हितेंद्र म्हणाला. मयुरीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"पाणी पाहिजे त्याले," ती म्हणाली.

आणि बाराच्या बारा पोरं उठून प्रिंटरसमोर एका सरळ रांगेत उभी राहिली. सहा वर्षांत अशी रांग गुरुजींना सांगूनही लागली नव्हती.

सुगंधाबाईंनी रांगेकडे पाहिलं. मग हातातल्या ताटाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, तर तो मोजून झालेली पानं परत मोजत होता.

अकराला पाच कमी असताना शेवटचा पेपर हातात पडला. अकराला वीज गेली, पंखा थांबला, आणि दारातून येणाऱ्या उजेडात पोरं लिहायला बसली. सुगंधाबाई ताट घेऊन रांगेतून फिरल्या. आज त्यांनी शिकवणी संपायची वाट पाहिली नाही. त्यांनी प्रत्येकासमोर मूठ मूठ वेफर्स ओतले. पाच-पाच मोजले नाहीत.

हितेंद्रनं मोजले. अकरा निघाले. पुन्हा मोजले, तरी अकराच. त्या नादात त्याचा सातवा प्रश्न राहिला.