निर्णयाला साजेसा देश

आरोग्य खात्यात निर्णय आधी होतो आणि देश मागाहून शोधला जातो. हे शोधकाम ज्याच्या गळ्यात पडलं होतं, त्या अभ्यास अधिकाऱ्याला सगळे 'नकाशा' म्हणत. औषधं महाग करायची ठरली, की ती महाग असूनही सुखात असलेला एखादा देश तो टेबलावरचा चहा निवायच्या आत हजर करी. सापडलेल्या देशाला 'प्रगत' म्हणायचं, एवढं एकच पथ्य पाळलं जाई.

या खेपेला सचिवबाईंनी लहान गावांतली डायलिसिस केंद्रं बंद करायचं ठरवलं. नकाशाची आई अशाच एका केंद्राच्या जिवावर जगत होती. तरीही हाताला सवय होती, त्याने शोधलं, आणि घात झाला. देश सापडला. तिथे केंद्रं बंद केली होती हे खरं, पण त्याआधी सरकारने प्रत्येक रुग्णाच्या घरी यंत्र बसवून दिलं होतं.

धीर एकवटून त्याने हे सचिवबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं.

"केंद्रं बंद करणं तेवढं आपण घेऊ," त्या म्हणाल्या. "यंत्रं ही त्यांची स्थानिक बाब झाली."

"मॅडम, माझी आई अशाच एका केंद्रात जाते."

"मग अहवाल तुम्हीच लिहा. तळमळीने लिहाल."

त्याने लिहिला. इतका झकास उतरला, की वाचताना क्षणभर त्यालाही पटला, आणि मग स्वतःचीच किळस आली.

एक आशा उरली होती. वर्तमानपत्रात बातमी देऊन नागरिकांच्या हरकती मागवायचा नियम होता, आणि एक जरी हरकत आली तरी फाइल फेरविचाराला जाणार होती. नोकरीत असल्यामुळे त्याला स्वतःला हरकत घेता येत नव्हती. आईला सांगायची लाज वाटत होती. कोणीतरी लिहीलच, असं म्हणत तो गप्प बसला. मुदत संपली, तेव्हा खात्याकडे एक चिठ्ठीसुद्धा आलेली नव्हती.

संध्याकाळी तो आईकडे गेला. तिने ती बातमी कौतुकाने कापून ठेवली होती.

"तुझ्याच खात्याचं ना रे हे? प्रगत देशांच्या धर्तीवर. शेजारच्यांनाही वाचून दाखवलं मी."

"आई, पुढचं वाचलंस का?"

"पुढे सगळं सरकारी होतं. मला काय कळतंय त्यातलं?"

केंद्राला कुलूप लागलं. आई आता पहाटेच्या बसने मोठ्या शहरात जाते, आणि परतताना तिच्यात उभं राहायचं त्राण नसतं. नकाशा मान खाली घालून नवे देश शोधतो. त्याला दोष द्यायला हरकत नाही, तो आहेच तसा. पण ती बातमी तुमच्याही घरी आली होती. हरकत तुमचीही आली नाही.