जाधव आणि अवेळी जागा होणारा क्लास

आमच्या ऑफिसात कुणी कशालाही हात घातला की मागून जाधवांचा आवाज यायचा, "अब्बीच कायकू?" म्हणजे, आत्ताच कशाला? चहा मागवला तरी तेच. मी माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तीही त्यांनी उलटसुलट पाहून तेच विचारलं.

उदारीकरणाच्या कृपेने तेव्हा निजामाच्या जुन्या राजधानीत, हिमायतनगरात, मिठाईच्या दुकानांच्या डोक्यावर सॉफ्टवेअर कंपन्या उगवत होत्या. आमचीही त्यातलीच. जाधव मूळचे नांदेडकडचे, वयाने आमच्याहून थोडे मोठे आणि अकलेने, त्यांच्याच मते, बरेच.

त्यांचं वेड एकच. प्रोग्रॅमचा एकेक भाग म्हणजे क्लास. त्याला पहिल्यांदा हात लागला की त्याची स्टॅटिक, म्हणजे एकदाच करायची, तयारी आपोआप सुरू होते. ती नेमकी कधी व्हावी यावर जाधव इतका काथ्याकूट करत, की तेवढ्यात वधूवरांच्या पत्रिका जुळल्या असत्या.

एका दवाखान्यासाठी आम्ही प्रोग्रॅम केला होता. त्यात आवृत्तीचा आकडा आणि दरपत्रक एकाच क्लासमध्ये. पहिल्या पडद्यावर नुसता आकडा दाखवायचा, तरी तो क्लास जागा होऊन फोनच्या लाइनवरून सगळे दर मागवत बसे. लाइन बंद असली की प्रोग्रॅम ताटकळायचा. जाधवांनी दरांचा क्लास वेगळा काढला. बिल करताना हात लागेल, तेव्हाच त्याची तयारी. एवढ्याशा कामाला त्यांनी आठवडेच्या आठवडे घेतले.

मालक रेड्डीसाहेब वैतागले. "जाधवगारू, लोक जरा थांबले तर काय मरतात का?"

जाधव मान खाली घालून पुन्हा आपल्या मशीनकडे वळले. आम्हाला मोठा आनंद झाला.

नवा प्रोग्रॅम बसवायला मी त्यांच्याबरोबर नामपल्लीच्या त्या दवाखान्यात गेलो. लाइन बंदच होती. तरी प्रोग्रॅम लगेच उघडला, कारकून नावं लिहायला लागला.

"चला, झालं," मी म्हणालो. जाधव नावनोंदणीच्या खिडकीसमोरच्या बाकावरून हलेनात.

"आईला इथंच आणलं होतं, आपला जुना प्रोग्रॅम होता तेव्हा," ते म्हणाले. "कारकून म्हणाला, कंप्यूटर उघडतोय, थांबा. मी त्याच्यावर चिडलो. आई म्हणाली, भांडू नको बाळा, मला काही होत नाही. छाती धरून उभी होती. आत नेईपर्यंत गेली."

तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत खिडकीशी आली. कारकुनाने नाव विचारलं, लिहिलं, आत जा म्हणाला. जाधव उठले, तिचा हात धरून तिला दारापर्यंत सोडून आले.

"थोडं बसू," ते म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही तिथंच बसलो होतो.