डायपर नेसलेली होडी

"विकत काय, कुणीही आणतं! घरी करायला डोकं लागतं!" कप्तान म्हणाले, आणि ज्याची भीती होती ते सुरू झालं.

कप्तान म्हणजे पिल्लूचे बाबा. ही पदवी त्यांना बायकोने बहाल केलेली. पाण्याचा त्यांचा अनुभव बादलीपलीकडे नव्हता. दीड वर्ष खपून त्यांनी बाहेरच्या खोलीत शिडाची आठ फुटी होडी बांधली. तेवढ्या वेळात बायकोने एक अख्खं मूल तयार करून, जगात आणून, रांगायलाही लावलं होतं! पण रांगणार कुठे? सोफा आणि होडी यांच्यामधल्या बोळात वळायलाही जागा नव्हती. बिचारी पोर पुढे जायची आणि ट्रकसारखी रिव्हर्समध्ये बाहेर यायची. ते पाहून आई रोज सोफा इंचभर मागे रेटून बघायची.

आज होडी गाडीमागे जोडलेल्या भाड्याच्या ट्रेलरवरून तळ्यावर जाणार होती. वाटेत ओरखडा पडला, तर परत घरी आणून वॉर्निश! म्हणजे पुन्हा तो बोळ.

"अहो, ट्रेलरवाल्याकडे फोमच्या पट्ट्या मिळतात म्हणे."

"फोम!" होडीला पैंजण घालायला सांगितल्यासारखे कप्तान हसले. "अगं, घरात सहा पाकिटं पडलीत!"

पाकिटं होती डायपरची. सेल बघून कप्तानांनीच आणलेली, नवजात बाळाच्या मापाची. पिल्लूच्या तेव्हा एका मांडीवरही ती चढली नव्हती.

"मऊ, जाड, आणि चिकटपट्टी आयती!"

तासाभरात ट्रेलरच्या दांड्यांना आणि होडीच्या दोन्ही कुशींना डायपर बसले. वरून पट्टे करकचून आवळले.

"पुरले का?"

"पुरवले!" कप्तान म्हणाले. इथेच तिने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता.

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी होडीकडे बघून कौतुकाने विचारलं, "कितवा महिना?"

"अठरावा," आई म्हणाली.

होडी तळ्यावर पोचली ती खरंच एकही ओरखडा न पडता. कप्तानांनी बायकोकडे असा कटाक्ष टाकला, की फोमचा शोध लावणाऱ्याने खाली मान घालावी. आता ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा, पट्टे सोडायचे, होडी आपसूक तरंगते. ट्रेलर पाण्यात गेला.

आणि डायपर आपल्या कर्तव्याला जागले! पिल्लू कोण आणि तळं कुठलं, हा फरक त्यांना कुणी शिकवला होता? ते प्यायले. आणखी प्यायले. आत्याबाईंनी भाच्याचे गाल धरावेत तशी त्यांनी फुगून होडी दोन्हीकडून धरली. पट्ट्यांची बक्कलं सुटेनात.

"ढकला!" कप्तान ओरडले आणि स्वतःच ढकलू लागले. फट्ट! एक डायपर फुटला. पांढरीशुभ्र जेली डौलात पाण्यावर निघाली. होडी सोडून बाकी सगळं तरंगत होतं!

शिट्टी फुंकत तळ्यावरचे तपासनीस आले.

"होडी गळते?"

"छे! थेंबभरही नाही!"

"मग डायपर कशाला?"

"ते पॅडिंग आहे हो!"

"असं होय! माझ्या काकांची कवळीसुद्धा दागिनाच होती." तपासनीसांनी कप्तानांच्या हातात बादली दिली. "आधी ती घाण गोळा करा. मग होडी घरी न्या, आत पाणी ठेवून तासभर बघा. खाली थेंब नसेल तर लिहून पाठवा. काठावरची तुमच्या होडीची जागा उद्यापर्यंत राखतो. आणि सही घरातल्या जबाबदार माणसाची हवी. तुमची नको."

कप्तानांनी बादलीने जेली उपसली. अनुभवाचं क्षेत्र होतं, पटकन जमलं.

होडी पुन्हा बाहेरच्या खोलीत आली. तिला बघताच पिल्लू मुकाट्याने रिव्हर्समध्ये गेली. आईचे डोळेच भरून आले. त्यात पिल्लूचा ओला डायपर बदलायला कपाट उघडलं, तर आत रोजच्या मापाचा एकही डायपर नाही!

"पुरवले म्हणजे हे?"

"आणतो, आत्ता आणतो!" म्हणत कप्तान पसार झाले.

तिने पिल्लूला उघडंच होडीत ठेवलं. आणि काय आश्चर्य! होडीत जागाच जागा! पिल्लू पुढे गेली, वळली, पुन्हा पुढे आली. आयुष्यातलं पहिलं वळण! ती खुदकन हसली. मग अचानक थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर आयांना पाठ असलेला तो गहन, तत्त्वचिंतक भाव उमटला.

आईने आत पाहिलं. तळं! तिने पिल्लूला कोरड्या टोकाला दुपट्यावर निजवलं, पुसायचं फडकं उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. घड्याळ लावून तासभर बसली. मग होडीखाली हात फिरवला. फरशी ठणठणीत कोरडी!

तिने कागद घेतला : 'होडीत तासभर पाणी ठेवून पाहिले. बाहेर थेंबही नाही. पाणी कुठले, हे कृपया विचारू नये.' खाली जबाबदार माणसाची सही ठोकली.

तेवढ्यात कप्तान परतले, दोन्ही काखांत पाकिटं, चेहऱ्यावर विजय.

"सेल होता! सहा आणली!"

तिने पाकिटावरचं माप वाचलं. नवजात.

कप्तानांनीही वाचलं. घसा खाकरून म्हणाले, "तशी उद्या होडीला..."

पण तिने फोन कानाला लावला होता. "हॅलो, ट्रेलरवाले? हो, तेच डायपरवाले. फोमच्या पट्ट्या आहेत ना? डोकं नको, नुसत्या पट्ट्या द्या!"