दोन पावलांवरचा टचडाउन

"सोपं आहे गं! कॉलेजात चार वर्षं स्लिपमध्ये उभा होतो मी. चेंडू सोड, चिमणीसुद्धा सुटायची नाही!" शिवदासने छाती फुगवून सांगितलं.

"पप्पा, धिस वन नॉट क्रिकेट लाह," बारा वर्षांची निशिगंधा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कळवळून म्हणाली. पण तिचाही नाइलाज होता. बुओना व्हिस्टाच्या मैदानावर पालक-मुलांच्या अमेरिकन फुटबॉलची फायनल, आणि ऐनवेळी टीममधले एक बाबा आजारी!

शिवदासला मात्र उकळ्या फुटत होत्या. हल्ली लेक कुणाला त्याची ओळखच करून द्यायची नाही. आज ती स्वतः सांगणार होती, हे माझे पप्पा!

निशिगंधाने चेंडू फेकायचा, शिवदासने पळत जाऊन झेलायचा आणि तो घेऊन रेषा ओलांडायची, की झाला टचडाउन. एवढंच! पहिला चेंडू बरगडीत बसला. दुसरा नाकावर. दोन्हीकडून टोकदार असलेला तो चेंडू धरायचा कुठे, तेच त्याला कळेना!

"पप्पा, हँड्स! हँड्स!"

"हातच आहेत गं हे!"

शेवटची संधी. एक टचडाउन झाला की कप यांचा! निशिगंधाने जीव खाऊन चेंडू फेकला. शिवदास धावला, झेपावला, आणि चेंडू चक्क दोन्ही हातांत! रेषा दोन पावलांवर!

"रन, पप्पा! रन!"

कसलं रन! चार वर्षांची सवय ती. "आउट!" अशी आरोळी ठोकून त्याने चेंडू उंच आभाळात भिरकावला आणि हात पसरून गोल गोल धावत सुटला!

चेंडू खाली आला तो समोरच्या टीममधल्या एका आंटींच्या हातात. त्या जे पळाल्या, त्या थेट दुसऱ्या टोकाची रेषा ओलांडूनच थांबल्या. टाळ्या पडल्या. शिवदासला वाटलं, आपल्यालाच! त्याने वाकून नमस्कारही केला. मग लेकीचा चेहरा दिसला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसस्टॉपवर निशिगंधा त्याच्यापासून दहा पावलं लांब उभी राहिली. तेवढ्यात तिच्या शाळेतली एक मुलगी आली.

"एह, सेम जर्सी! दॅट अंकल युअर डॅड आह? व्हाय हिज नोज सो रेड?"

निशिगंधाने एकदा वळून पाहिलं. "नो लाह. डोन्ट नो हिम."

बस आली. दोघी चढल्या. लेक खोटी पडू नये म्हणून शिवदास रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि घरी जाणारी ती बस त्याने जाऊ दिली.